एका भिंतीची दोन घरं

१९ जानेवारी २०२३, गुरुवार

घर काढा, म्हणाली. म्हणजे चित्र! चाळिशी गाठलेल्या बायका, पोट सुटलेले पुरुष, सगळ्यांना रंगीत खडू वाटले आणि म्हणाली, "किटली उकळेपर्यंत वेळ आहे."

ब्रीडा तिचं नाव. घरबचत ट्रस्टची बाई. पांढरे आखूड केस, बुटांना चिखल, आवाज शाळेतल्या बाईंचा. योजना तिने आधीच समजावून सांगितली होती — आपण दर महिन्याला जेवढे साठवू, तेवढेच ट्रस्ट आपल्या नावावर घालणार. एकाला एक. कमी पगार असलेल्यांसाठी, पहिल्या घरासाठी आणि फक्त घरासाठीच. दोन वर्षं साठवायचं. महिना चुकवायचा नाही, मधेच काढायचे नाहीत, गुरुवारचा वर्ग बुडवायचा नाही. "आणि परत कधी द्यायचे?" मी विचारलं. द्यायचे नाहीत म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली.

मी आधी खिडकी काढली. खिडकीत कुंडी. कुंडीत तुळस की पुदिना ते ठरेना, तेवढ्यात किटली उकळली. भिंती काढायच्या राहूनच गेल्या. शेजारच्या माणसाने नुसतं दार काढलं होतं, दारापुढे चपलांचा एक जोड. मी टक लावून बघत होते तर चक्क मराठीत म्हणाला, "दुसऱ्या कुणाच्या चपला नकोत दारात. एवढंच मागणं आहे."

विलास. ठाण्याचा. आधी मुंबईत बस चालवायचा, मग दुबईत, आता इथे आयर्लंडात, स्वोर्ड्समध्ये. म्हणाला, "तुम्ही रोज असता माझ्या बसमध्ये. तुमचा स्टॉप आला तरी खिडकीतून बाहेर बघत बसता. मी आरशात बघून जरा जास्त थांबतो."

मी आजवर ड्रायव्हरकडे वर मान करून बघितलंच नव्हतं.

२० जानेवारी

काल त्याने मला ताई म्हटलं नाही. इथे सगळे म्हणतात — अलकनंदाताई, अलकाताई. तो 'अहो' म्हणाला. लक्षात आलं, एवढंच.

५ फेब्रुवारी, रविवार

पहिला हप्ता भरला. आता एकाचे दोन झाले असतील. बँकेत जाऊन बघता येत नाही, पण कुठेतरी काळोखात ते दोघे शेजारी शेजारी बसलेत असं वाटतं आणि बरं वाटतं.

या भाड्याच्या घरात माझं म्हणावं असं काय आहे ते आज बघत होते. एक खोली, तीही भाड्याची. स्वयंपाकघरातल्या प्रेसमधला एक कप्पा — कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. फ्रीजमधला खालून दुसरा खण. माझं लोणचं वरच्या खोलीतली साक्षी न विचारता खाते आणि मग "ताई, मस्त होतं!" म्हणते. विद्यार्थिनी आहे, काय बोलणार. लग्नातला सोफा, कुकर, भांडी सगळं तेव्हाच विकलं, नवरा बंगळुरूला परत गेला तेव्हा. मी इथे राहिले. का राहिलीस, असं सगळे विचारतात. मला इथला उजेड आवडतो, हे कारण कुणाला पटत नाही.

हॉटेलात दिवसभर दुसऱ्यांच्या गाद्यांवर चादरी घालते. एका रात्रीचे पाहुणे, पहाटे विमान पकडून गेलेले. विमान उठलं की खिडकीची काच गुणगुणते. आज एका खोलीत कोपऱ्यातला दिवा इतका आवडला की मनातल्या मनात उचलून माझ्या घरात नेऊन ठेवला. मागच्या आठवड्यात पडदे नेले होते. ही काही चोरी नाही. उशी पिशवीत घातली तर चोरी.

१२ मार्च, रविवार

"मोकळ्या असाल तर घरं बघायला येता?" त्याने विचारलं होतं. कुठली, म्हटलं. तर म्हणे, "विकायला नसलेली. तीच चांगली असतात."

तर आज आम्ही हिंडलो. स्वोर्ड्सच्या पलीकडे, जिथे वस्ती संपून शेतं लागतात, तिथपर्यंत. पाऊस असा की पडतोय ते गालालाच कळावं. खेळ त्याचा — प्रत्येकाने एक घर निवडायचं आणि आत आत्ता काय शिजतंय ते सांगायचं. माझ्या घरात थालीपीठं होती, वर लोणी, मागच्या दारात कुणीतरी ओले कपडे आत घेत होतं आणि रेडिओ लागलेला होता. त्याच्या घरात वरणभात. पुढच्या घरात? वरणभात. त्यापुढच्या? "तिथे मूग डाळीची खिचडी आहे," असं मोठ्या धाडसाने म्हणाला.

एक म्हातारा आयरिश गृहस्थ कुत्र्याला घेऊन आला. हरवलात का, विचारलं. विलास म्हणाला, "नो नो, वी आर ग्रँड. जस्ट लुकिंग." ग्रँड म्हणजे इथे नुसतं 'ठीक'. म्हातारा म्हणाला, बघा बघा, बघायला पैसे पडत नाहीत. कुत्रा बराच वेळ आमच्या मागून येत राहिला.

इतकी हसले की घरी आल्यावर गाल दुखत होते.

२३ एप्रिल, रविवार

आज सेमी-डी बघितली. इथे सगळीकडे असतातच, मी कधी नीट बघितली नव्हती. जुळी घरं. दोन दारं, दोन छपरं, दोन धुराडी आणि मधली भिंत एकच.

"तुम्ही डावीकडे, मी उजवीकडे," विलास म्हणाला, जणू किल्ल्या खिशातच आहेत. "मिक्सर सुरू झाला की कळेल तुम्ही उठलात." मी म्हटलं, माझा मिक्सर फार ओरडतो. तो म्हणाला, "ओरडू दे."

मग भिंतीवर ठोकायची भाषा ठरली. एकदा ठोकलं तर चहा टाकलाय, या. दोनदा म्हणजे मीठ संपलंय. "आणि तीनदा?" मी विचारलं. बराच वेळ तो चालत राहिला आणि म्हणाला, "तीनचं राहू दे. तीनचं काही ठरवायला नको."

 वाटेवर चेरीच्या पाकळ्या पडून ओल्या झाल्या होत्या. मी काही पोरगी नाही आता. तरी लिहून ठेवते — मला ते घर हवं आहे. डावीकडचं. आणि उजवीकडे तोच हवा आहे.

१९ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

वर्गात आज ओल कशी ओळखायची ते शिकवलं. भिंतीला हात लावून बघायचा, डोळ्यांनी कळत नाही. मागच्या महिन्यात वकिलाकडे काय काय विचारायचं ते झालं. माझं अर्धं लक्ष असतं. अर्धी मी घरात असते. आज मी तिथे जिन्याखालच्या जागेत देवघर केलं. मग वाटलं, जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय देवाच्या डोक्यावर, आबा रागावतील, वडिलांना असलं चालत नाही. तिथे झाडू ठेवला. देव खिडकीपाशी नेले.

विलासच्या वहीत बघितलं. ओलीबद्दल त्याने सगळं उतरवून घेतलं होतं, दोघांपुरतं. वरती लिहिलं होतं — डावीकडच्यांना दाखवणे.

३० जून २०२४, रविवार

या महिन्याचे भरले. आबांचा फोन. अकोल्यात ऊन, इथे मी स्वेटरमध्ये. आबा एसटीत कंडक्टर होते, जन्म सगळा क्वार्टरमध्ये गेला. निवृत्तीनंतर भावाकडे. घर हा शब्द ते जरा जपूनच उच्चारतात.

"घर घेशीन तं वास्तुशांतीले मी येईन, सांगून ठेवतो."

मी म्हटलं, एकटी बाई कशी बसू पूजेला?

"काहून? मी नव्हतो बसलो एकटा तुह्या लग्नात?"

खरंच की. आई मी शाळेत असतानाच गेली. माझ्या लग्नात आबांनी कमरेला सुपारी खोचून कन्यादान केलं. आईच्या जागी सुपारी. सगळे डोळे पुसत होते आणि मला हसू फुटत होतं, कारण ती सुपारी सारखी घसरायची आणि आबा मंत्र थांबवून तिला घट्ट धरायचे. "पडली तं तुही माय रागावन," असं मग मला हळूच म्हणाले. ती सुपारी त्यांनी अजून जपून ठेवली आहे, देवातल्या पितळी डबीत.

लग्न काही टिकलं नाही. सुपारी टिकली.

८ सप्टेंबर, रविवार

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

इथल्या मराठी मंडळाचा गणपती पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या, हॉलमध्ये बसलाय. आज तिथे सत्यनारायण. पूजेला बसायचं जोडपं मोटरवेवर अडकलं, पुढे अपघात झालेला. गुरुनाथ पूजा सांगायला तयार बसलेला — एरवी चेरीवूडला सॉफ्टवेअर कंपनीत असतो, सणाला सोवळं नेसतो — तो सारखा घड्याळ बघत होता, कारण संध्याकाळी हॉल झुंबावाल्यांना द्यायचा होता. नंदिनीताई म्हणजे मंडळाच्या सर्वेसर्वा. त्या जोडपं शोधत हॉलभर फिरल्या. कुणी खाऊन बसलेलं, कुणाचं बाळ मांडीवर झोपलेलं. मी आणि विलास वाढपी, सकाळपासून उपाशी.

मी म्हटलं, कुणीतरी एकट्याने बसा, बाजूला सुपारी ठेवा.

"सुपारी कशाला? ही दोन जिवंत माणसं उभी आहेत ना! देवाला कळते अडचण." असं म्हणत नंदिनीताईंनी माझा पदर धरला, विलासच्या खांद्यावरचं उपरणं धरलं आणि गाठ मारून मोकळ्या झाल्या. आम्ही काही म्हणायच्या आत पाटावर होतो.

"हाताला हात लावा," गुरुनाथ म्हणाला. लावला. मनगटाच्या जरा वर, जिथे घड्याळाचा फिकट पट्टा उमटलाय तिथे. पुन्हा म्हणाला हात लावा. पुन्हा लावला. सत्यनारायणाची कथा लवकर संपावी असं मला लहानपणापासून वाटत आलंय. आज पहिल्यांदा वाटलं की अजून एक अध्याय असता तर चाललं असतं.

नंतर गाठ सोडायला कुणाला आठवलंच नाही. तो हात धुवायला गेला तर मलाही जावं लागलं. नळापाशी उभे. तो म्हणाला, "मधली भिंत जरा पातळच निघाली." मी नळाकडे बघत राहिले. पाणी वाहत होतं, नळ बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

११ सप्टेंबर

मंडळाच्या पानावर फोटो आलेत. आमचाही. खाली लिहिलंय, यजमान जोडपं. नंदिनीताईंना फोन करून बदलायला सांगणार होते. अजून केला नाही. उद्या करते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

केला नाही फोन. आणि आता हे!

तो फोटो पॅरिशनेही आपल्या पानावर टाकला, इंग्रजीत, आमच्या नावांसकट. ब्रीडा वर्गाच्या दारातच हसत पुढे आली. "अभिनंदन! मला सांगितलंही नाहीत!" मी समजावायला लागले तसतसं तिचं हसू उतरत गेलं. फोटो ट्रस्टच्या कमिटीतल्या लोकांनीही बघितला होता. पुढच्या गुरुवारी दोघांनी कमिटीपुढे यायचं.

नियम साधा आहे आणि आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. योजना कमी पगाराच्या घरांसाठी. एकेकट्याचा पगार रेषेच्या खाली. दोघं एका घरातले झाले की पगारांची बेरीज होते आणि ती रेषेच्या वर जाते. मग ट्रस्टने घातलेलं सगळं परत. दोघांचंही. मिळायला आता थोडेच महिने राहिलेत.

एका गाठीपायी. तीही आम्ही मारलेली नव्हे.

२६ सप्टेंबर, गुरुवार

टेबलापलीकडे तिघं. ब्रीडा मधे, आज शाळेतल्या बाईंसारखी नव्हती. हेडमास्तरणीसारखी होती. आम्ही अलीकडे, मधे एक खुर्ची सोडून.

मी सगळं सांगितलं. मोटरवे, झुंबा, जोडपं लागतं ते, गाठ. कमिटीतला एक टकलू गृहस्थ समजून घ्यायचा फार प्रयत्न करत होता. "म्हणजे नाटकासारखं?" हो, नाटकासारखं, म्हटलं. विलासने माझ्याकडे बघितलं.

मग ब्रीडाने पेन खाली ठेवलं. "अलका, मला विचारायलाच हवं. हा माणूस तुझा कोण?"

खरं उत्तर जिभेवर होतं. पण ते बोललं की खरं होणार, आणि खरं झालं की दोन्ही घरं जाणार. माझी खिडकी. त्याचं दार, त्याच्या चपला. एवढ्या वर्षांत त्याने आयुष्याकडे मागितलेली एकच गोष्ट.

"कोणी नाही," मी म्हटलं.

तेवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. टकलूच्या चेहऱ्यावर शंका दिसली म्हणून पुढे बोलत गेले. "बसमध्ये दिसतो. वर्गात शेजारी बसतो. धड ओळखही नाही."

विलासला विचारलं. तो म्हणाला, "त्या म्हणतात तसंच आहे." ड्युटी आहे म्हणून उठला आणि गेला. छत्री विसरला.

कमिटीला पटलं. दोघांची नावं कायम. जिन्यात ब्रीडा मला म्हणाली, "घराचा करार होईपर्यंतच आम्ही विचारतो. करार झाला की तू दूधवाल्याशी लग्न केलंस तरी ट्रस्टला काही नाही." आणि माझ्या दंडाला हळूच हात लावून वर गेली.

हे तिने त्याच्यासमोर का नाही सांगितलं?

२७ सप्टेंबर

छत्री माझ्याकडे आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तो आता पुढच्या रांगेत बसतो. सकाळच्या बसमध्येही नसतो, रूट बदलून घेतलाय. आरशात दुसरेच कुणाचे डोळे. आज माझा स्टॉप गेला, उलटं चालत यावं लागलं.

सांगता येत नाही. त्याला जाऊन म्हणू, की तेव्हा खोटं बोलले? मग आम्ही दोघंही कमिटीशी खोटं बोलणारे ठरू. आणि तो तर असा माणूस की तसाच उठून ब्रीडाकडे जाईल आणि खरं काय ते सांगून येईल. त्याचं घर माझ्या गप्प बसण्यावर उभं आहे. तर गप्प बसते. मला कधी जमलं नव्हतं, आता शिकते आहे.

१ नोव्हेंबर

दिवाळी. प्रेसवर एक पणती ठेवली. साक्षी म्हणाली स्मोक अलार्म वाजेल. विझवली.

१२ डिसेंबर, गुरुवार

घरं ठरली! शेतं सुरू होतात तिथलीच, नवीन बांधलेली, कौन्सिलची स्वस्तातली. ब्रीडाने नावं वाचली. शेवटची दोन उरलेली घरं — एका भिंतीची. डावं अलकनंदा. उजवं विलास.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो वळून बघेल असं वाटलं.

नंतर कप विसळताना ब्रीडाने सांगितलं, त्याने विचारलं होतं म्हणे, दुसरं कुठलं घर आहे का. लांब शॅननला एक सहकारी गेलाय, तिकडे बस कंपनी माणसं घेते, तिकडे चालेल का, असंही विचारलं. ट्रस्टची घरं फक्त इकडे. "मग राहू दे म्हणाला."

म्हणजे नाइलाजाने तो माझा शेजारी झाला. घर मिळालं, आणि मी बसमध्ये रडत आले. शेजारच्या बाईने टिश्यू दिला आणि काही विचारलं नाही. या देशाचं हे मला आवडतं.

१३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

करार झाला. वकिलाच्या ऑफिसात शेगडीपाशी कुत्रा झोपलेला होता. खिडकीतून फेब्रुवारीचं पहिलं ऊन. माझं नाव एकटंच लिहिलं, त्यापुढे मोकळी जागा बरीच उरली.

आता बोलायला हरकत नाही — असं म्हणत बाहेर आले. मग आठवलं. त्याचा करार अजून व्हायचाय. त्याच्या बँकेचा कुठलातरी कागद अडकलाय. म्हणजे अजून तोंड बंद.

२७ मार्च, गुरुवार

झाला त्याचाही. ब्रीडाने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

छत्री घेऊन डेपोच्या फाटकापर्यंत गेले. परत आले. इतके महिने धरून ठेवलेलं वाक्य आता सुटेना. "धड ओळखही नाही." असं ज्याच्याबद्दल चारचौघांत म्हटलं, त्याला काय तोंड दाखवू?

१९ एप्रिल, शनिवार

माझं घर.

रिकामं. आवाज घुमतो. जमिनीवर बसले, डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली. उजेड सरकत सरकत भिंतीवर आला आणि बराच वेळ थांबला. हॉटेलातून मनात आणलेलं सगळं — दिवा, पडदे — एकेक करून ठेवून बघितलं. बरंचसं नको वाटलं. आहे तेच पुरे. खिडकीत कुंडी ठेवली, पुदिन्याची. तुळस इथल्या थंडीत जगत नाही, साक्षीची दोनदा मेली. निघताना साक्षीला लोणच्याची बरणी देऊन आले, अख्खी.

संध्याकाळी पलीकडे नळ सुरू झाला. बंद झाला. मग दाराचा आवाज. मी भिंतीला हात लावून बघितलं. ओल नाही. ब्रीडाने शिकवलेलं एवढं तरी लक्षात राहिलं.

मिक्सर लावलाच नाही.

४ मे, रविवार

दोन आठवडे झाले. दारात भेट झाली तर "कसं काय" म्हणतो. मी "बरं" म्हणते. आयरिश माणसंसुद्धा याहून जास्त बोलतात, निदान हवेबद्दल. त्याच्या दारात चपलांचा एकच जोड असतो. नीट लावलेला. चित्रात होता तसा.

१० मे, शनिवार

आबा आले! विमानतळावर मफलर, कानटोपी, हातात चिवड्याची पिशवी. घरात शिरताना उंबरा शोधत होते. नाही म्हटल्यावर दाराशीच वाकून जमिनीला हात लावला. मग भिंतींवरून हात फिरवत सगळ्या खोल्या बघितल्या, बसमधून उतरताना तिकिटं मोजल्यासारख्या.

"तुहं हाय हे? पूर्न?"

हो आबा.

"आन् थे पल्याडचं?"

शेजाऱ्यांचं, म्हटलं.

वास्तुशांत पुढच्या रविवारी. गुरुनाथ येणार, नंदिनीताई प्रसादाचं बघणार. ब्रीडालाही बोलावलंय. आबांनी पिशवीतून पितळी डबी काढली, उघडली. तीच सुपारी. काळी पडलीये, गुळगुळीत.

"तुह्या बाजूले कोनी नसन तं हिले ठेवू. तुही माय बसन तुह्याजोड. कोनाची गरज नाही."

मी मान हलवली. खूप वेळ ती सुपारी मुठीत धरून बसले. आई जवळ बसणार याचा आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण आबा, गरज आहे.

१७ मे, शनिवार

आबा मागच्या अंगणात ऊन खात बसले होते, वर्तमानपत्र डोक्यावर. मी चौरंग पुसला, पाट मांडला. एकच. त्याच्या शेजारी सुपारीसाठी तांदळाची मूठ ठेवायला जागा केली. ती जागा बघत उभी राहिले.

मग भिंतीपाशी गेले आणि ठोकलं. एकदा. दोनदा. तीनदा.

काही नाही. मग पलीकडचं दार वाजलं आणि माझी बेल वाजली. ड्युटीच्या शर्टात होता, हातात मिठाची पुडी.

"नीट मोजता आलं नाही," म्हणाला. "दोन होते की तीन?"

"तीन."

"तीनचं तर काही ठरलं नव्हतं."

"तेच सांगायला बोलावलं," मी म्हटलं. आणि दारातच, उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. की त्या दिवशी मी खोटं बोलले. घरासाठी बोलले, त्याच्या दारासाठी आणि माझ्या खिडकीसाठी, पण खोटं ते खोटंच. की करार होईपर्यंत बोलायचं नव्हतं, आणि करार झाल्यावर बोलायची लाज वाटली. की मला त्याची ओळख आहे. तो रोज वरणभात खातो, ओलीबद्दल दोघांपुरतं लिहून घेतो, आणि त्याच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. की उद्या पूजा आहे आणि माझ्या शेजारी आबा सुपारी ठेवणार आहेत.

तो ऐकत राहिला. मिठाची पुडी या हातातून त्या हातात.

"तुम्ही तेव्हा ओळखही नाही म्हणालात," तो म्हणाला, "ते मी रोज बस चालवताना ऐकलं. प्रत्येक स्टॉपला."

छत्री दारामागेच टांगलेली होती.

"उद्या ड्युटी आहे माझी, सकाळची." पुडी माझ्या हातात दिली आणि गेला. छत्री द्यायची पुन्हा राहिली.

आबा आत आले होते, पाणी प्यायला. भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  डबी चौरंगाजवळ नेऊन ठेवली.

१८ मे, रविवार

ड्युटी त्याने बदलून घेतली होती. गाठ नंदिनीताईंनीच मारली, फोटो ब्रीडाने काढला. सुपारीची डबी आबांनी उघडली नाही.